नाक पाहा, कान नव्हे

पुणे-नाशिक रस्त्यावर राजगुरुनगर मागे पडले, की पैलवान ओळखायला निराळे शिकावे लागत नाही. मंचर, कळंब, नारायणगाव, ओतूर ही सारी हगाम्यांची गावे. चैत्र उजाडला की गावोगावच्या यात्रा सुरू होतात आणि त्यांचा क्रमही बहुधा ठरलेला असतो : दिवसा बैलगाड्या, रात्री तमाशा आणि दुसऱ्या दिवशी उन्हे कलली की कुस्त्या. बैलगाड्यांच्या शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, २०२१ च्या डिसेंबरात अटी घालून परवानगी दिली. मधली सात वर्षे इकडच्या माणसाला सुतक असल्यासारखी गेली. कुस्तीवर ती पाळी आली नाही. आधी पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग नारळावरच्या, मग इनामाच्या, अशी चढण चढत दिवस मावळतो. हलगी कडाडत असते. आखाड्याभोवती बसलेल्या शंभर माणसांपैकी नव्वदांना धोबीपछाड नेमकी कुठे चुकली हे सांगता येते. उरलेली दहा आईच्या कडेवर असतात.

पण ठोशाला या मुलखात कोणी विचारीत नाही. ठोसा म्हणजे भांडण, आणि भांडण म्हणजे पोलीस चौकी, इतकाच त्याचा लौकिक. म्हणून मंचर आणि जुन्नर यांच्या मध्ये मला एक मुष्टियुद्धाचा चँपियन भेटला, असे सांगितल्यावर आमच्या घरच्यांनीही आधी माझ्याकडे संशयानेच पाहिले.

भाद्रपद सरत आला होता. जुन्नरला एका आप्तांकडे निघालो होतो. गाडी भरलेली. मंचरला एक म्हातारेबुवा चढले. पांढरा सदरा, पायजमा, डोक्यावर टोपी, हातात स्टीलचा डबा आणि काखेत छत्री. सारे नेहमीचेच, फक्त पायातले काळे बूट असे चमकत होते, की त्यांत टोपीचे प्रतिबिंब दिसावे. कंडक्टरने पंचाहत्तरीच्या पुढच्यांना मिळणारे शून्य रुपयांचे तिकीट फाडून त्यांच्या हाती दिले. ते त्यांनी घडी करून खिशात जपून ठेवले.

मी उठून म्हटले, "बसा बाबा."

"बसा तुम्ही. मला उभ्यानं बरं वाटतं."

कळंबच्या अलीकडे गाडीपुढे वासरू आले आणि ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला. उभी माणसे घडातून द्राक्षे गळावीत तशी एकमेकांवर कोसळली. म्हातारबांच्या एका हातात डबा, दुसऱ्यात छत्री; दांडीला हात नव्हताच. त्यांचा डावा पाय अर्धा वीत पुढे सरकला, गुडघे किंचित मऊ झाले, आणि ते जागच्या जागी उभे राहिले. डब्याचे झाकणसुद्धा वाजले नाही.

"तालीम केलेली दिसते," मी म्हणालो.

"पैलवान वाटलो व्हय?" ते हसले. "मग कान बघा माझे."

कान पाहिले. चांगले सुबक होते. कुस्ती खेळणाऱ्याचे कान मातीत आणि प्रतिस्पर्ध्याच्या डोक्याशी घासून घासून चेमटतात, गाठाळ होतात. तो त्या धंद्याचा शिक्का.

"आता नाक बघा."

नाक पाहिले आणि उलगडा झाला. मध्यावर ते बसलेले होते. उजव्या भुवईतून एक पांढरी रेघ गेलेली, तिच्यावर केस उगवले नव्हते.

"बाक्सर," ते म्हणाले. "खडकीच्या सॅपरमधला. चोपन्न किलोत दोन वर्सं कमांडचा चँपियन."

नारायणगावला दोघेही उतरलो. जुन्नरच्या गाडीला पाऊण तास होता. स्टँडबाहेर चहा सांगितला आणि त्या पाऊण तासात जे ऐकले ते या सदरात उतरवावे असे वाटले. त्यांचे नाव देत नाही. त्यांनीच 'नाव कशाला, नाकाचं लिहा' असे म्हटले आहे.

चीनच्या लढाईनंतर भरती जोरात होती, तेव्हा आंबेगावचा हा पोरगा खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये दाखल झाला. वय एकोणीस. पहिल्या महिन्यातच उस्तादाने साऱ्या रंगरुटांच्या हातांत ग्लव्हज चढवून दोन-दोनांना समोरासमोर उभे केले. कोण जिंकतो हे तो पाहत नव्हता. "ठोसा येताना डोळं कोण मिटतो एवढंच बघायचा. ज्यानं मिटलं तो बाजूला. माझं उघडं व्हतं. भ्यालो नव्हतो असं न्हाई, पण बघत व्हतो." मग तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या हे आयुष्य झाले. त्या काळी हौशी मुष्टियोद्ध्याच्या डोक्याला संरक्षक टोपही नसे. ऑलिंपिकमध्ये तो आला १९८४ साली. दोन युद्धे पाहिली, नद्यांवर पूल टाकले, आणि हवालदार होऊन ते गावी परतले. येताना चांदीचा मुलामा दिलेला एक कप आणला. घरच्या बाईने त्यात चहापत्ती ठेवायला सुरुवात केली. "झाकण घट्ट व्हतं," असे त्यांनी निर्विकारपणे कारण सांगितले.

तुम्हांला वाटेल, एवढा चँपियन गावी आला म्हणजे पोरे त्याच्या मागे लागली असतील. लागली होती, तीन दिवस. बाबांनी घोड नदीच्या काठी आंब्याच्या फांदीला वाळूचे पोते टांगले. चौथ्या दिवशी पोरे आली नाहीत, त्यांचे बाप आले. नाक मोडलेल्या पोराला मुलगी कोण देणार, हा त्यांचा एकच सवाल होता. त्याला उत्तर नव्हते. बाबांचे स्वतःचे लग्न नाक मोडण्यापूर्वी झाले होते. पण मला वाटते, नाकापेक्षाही खरी अडचण वेगळी होती. कुस्तीच्या पोराला यात्रेत फेटा मिळतो, नारळ मिळतो, चार पैसे मिळतात, ओतूरच्या कपर्दिकेश्वराच्या श्रावणातल्या यात्रेत त्याचे नाव पुकारले जाते. वस्ताद, तालीम, खुराक, आखाडा, बघे : सगळी साखळी तयार आहे. ठोसेवाल्या पोराने ठोसा शिकून तो न्यायचा कुठे? यात्रेत त्याला जागा नाही, आणि दोर बांधलेले रिंगण पाहायचे तर पुणे गाठावे लागते. खेळ शिकवणारा असून भागत नाही, खेळायला बोलावणारा लागतो.

पुढे तर ते आंब्याचे झाडही राहिले नाही. घोड नदीवर डिंभ्याचे धरण झाले आणि ज्या आंबेगावाने तालुक्याला नाव दिले ते गावच पाण्याखाली गेले. माणसे पांगली. उन्हाळ्यात पाणी उतरले की जुन्या गावाच्या खुणा उघड्या पडतात. बाबा एकदा जाऊन पाहून आले. "आमची आळी कुठं ते कळलं. झाड कुठं व्हतं ते न्हाई कळलं."

हे ऐकताना मला हरियाणातल्या हवासिंगांची आठवण होत होती. तेही फौजी. हेवीवेट गटात लागोपाठ अकरा वर्षे राष्ट्रीय विजेते, १९६६ आणि १९७० या दोन्ही आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक. निवृत्तीनंतर ते भिवानीला पोरांना शिकवीत बसले, आणि २००० साली ते वारले तोपर्यंत त्या गावात ठोशाला घरोघर पत प्राप्त झाली होती. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला गेलेले बहुतेक भारतीय मुष्टियोद्धे भिवानीच्या तालमीतले होते आणि मुष्टियुद्धातले देशाचे पहिले ऑलिंपिक पदक त्यांच्यातल्याच विजेंदरसिंगने आणले. एका हवासिंगांनी हे केले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. सैन्यात आणि पोलिसात खेळाडूला मिळणारी नोकरी हे हरियाणातले मोठे कारण आहे. बापाला नाकाऐवजी नोकरी दिसू लागली, की तो पोत्याखालून पोराला ओढून नेत नाही. तरीपण कोणीतरी आधी पोते टांगावे लागते. आंबेगावातही ते टांगलेले होते, एवढेच मला म्हणायचे आहे.

मी बाबांना मुरलीकांत पेटकरांविषयी विचारले. महाराष्ट्रात मुष्टियोद्धा म्हटले की आता हेच नाव तोंडी येते. ते सांगली जिल्ह्यातले. सैन्याच्या इ.एम.ई. दलात असताना बॉक्सिंग खेळले, १९६४ साली टोकियोला सैनिकी क्रीडास्पर्धेत उतरले. पुढच्याच वर्षी पाकिस्तानशी झालेल्या युद्धात अंगात गोळ्या शिरल्या आणि कमरेखालचा भाग निकामी झाला. उपचार म्हणून पाण्यात उतरवलेला हा माणूस १९७२ साली पश्चिम जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहला तो ३७.३३ सेकंदांत, जागतिक विक्रम आणि भारताचे त्या स्पर्धेतले पहिले सुवर्ण. नंतर पुण्यात टेल्कोत नोकरी केली. पद्मश्री मिळाली २०१८ साली, म्हणजे पदकानंतर ४६ वर्षांनी. २०२४ मध्ये त्यांच्यावर 'चंदू चँपियन' हा हिंदी चित्रपट निघाला आणि २०२५ च्या जानेवारीत अर्जुन पुरस्कार. इतका उशीर पचवायलाही मुष्टियोद्ध्याचीच छाती हवी.

"पिच्चर बघितला," बाबा म्हणाले. "नातीनं मोबाईलवर दाखवला. लई चांगला. पन पोहायचं मेडल सगळ्यांना दिसलं. गोळ्या लागायच्या आधी तो बाक्सर व्हता, ते कुणी बघितलं? पान्यात हात कसं चाललं असतील? बाक्सरचंच हात ते." मग थोडे थांबून, "पाय न्हाईत म्हनल्यावर बाक्सरचं काय ऱ्हातं, ते मला इचारा."

पंजाबातल्या कौरसिंगांची कथा मात्र त्यांना ठाऊक नव्हती, ती मी सांगितली. १९८० च्या जानेवारीत महंमद अली दिल्लीला आला असताना त्याच्याशी प्रदर्शनी लढत खेळलेला हा फौजी; १९८२ च्या दिल्ली एशियाडचे सुवर्ण त्याचे. निवृत्तीनंतर गावी शेती केली. म्हातारपणी दवाखान्याच्या बिलासाठी कर्ज काढावे लागले, ती बातमी २०१७ साली वर्तमानपत्रांत आली तेव्हा सैन्याने मदत पाठवली. २०२३ मध्ये ते गेले. बाबांनी ऐकून घेतले. पैशांविषयी काहीच बोलले नाहीत. त्यांनी विचारले ते भलतेच :

"शेवटपत्तुर डोकं जाग्यावर व्हतं का त्याचं?"

हा प्रश्न त्यांनी का विचारला ते डब्यामुळे कळले. डब्यात सुनेने केलेल्या मासवड्या होत्या. जुन्नरच्या पलीकडे एका वाडीवर बाबांचा पलटणीतला जोडीदार राहतो. दोघे एकाच रिंगणात, तो वजनाने एक पायरी वरचा. महिन्यातून एकदा बाबा त्याला मासवडी घेऊन जातात. गेली चार वर्षे तो त्यांना ओळखत नाही. मुलगा विचारतो, "आबा, हे कोण?" तर तो पाहुण्याला पाणी द्या म्हणतो. मासवडी आवडीने खातो. "मग मी असा तळहात धरतो," बाबांनी चहाच्या टेबलावर उजवा पंजा उभा केला, "की त्याचा डावा हात उठतो. हळूच. बरोबर मधोमध लागतो. नाव इसारला, पन डावा न्हाई इसारला."

डोक्यावर बसलेल्या ठोशांचा आणि पुढे येणाऱ्या विस्मरणाचा संबंध आजचा नाही. हॅरिसन मार्टलँड या अमेरिकन डॉक्टराने १९२८ सालीच अशा मुष्टियोद्ध्यांचे वर्णन करून ठेवले : पाय लटपटतात, बोलणे जड होते, मन मंदावते. महंमद अलीला १९८४ मध्ये कंपवाताचे निदान झाले. १९९६ साली अटलांटाला ऑलिंपिकची ज्योत पेटवताना त्याचा थरथरता हात साऱ्या जगाने पाहिला. त्याच्या कंपवाताला ठोसेच कारण होते का, यावर डॉक्टर अजून वाद घालतात, आणि बाबांच्या जोडीदाराचे विस्मरणही नुसत्या वयाचे असू शकेल. ठोसा आयुष्यात कधी न खाल्लेली म्हातारी माणसेही नातवंडांची नावे विसरतात. हे मी बाबांना म्हटले. "डाक्टर बी तेच म्हनला," ते उत्तरले. पण त्यांचे समाधान झालेले दिसले नाही. दर महिन्याला ते मासवडी घेऊन जातात ती मैत्रीपोटी हे खरेच. स्वतःचा पुढचा रस्ता पाहून यायलाही जात असावेत, अशी मला शंका आली. मी ती बोलून दाखवली नाही.

आता खरी गोष्ट. ज्या नातीने चित्रपट दाखवला, तिला बॉक्सिंग शिकायचे आहे. मुलगी चौदा वर्षांची, शाळेत धावण्यात पहिली. तिने मेरी कोमपासून निखत जरीनपर्यंत सगळ्या जणी मोबाईलवर पाठ केल्या आहेत. २०२५ च्या सप्टेंबरात लिव्हरपूलला भिवानीची जास्मिन लंबोरिया ५७ किलोत जगज्जेती झाली. ती सैन्यात आहे, आणि हवासिंगांच्या नात्यातली आहे, हेही आजोबांना नातीनेच सांगितले. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला कुठेतरी निवड आहे, तिथे तिला जायचे आहे.

"मग अडलं कुठं?" मी विचारले. "घरात चँपियन बसलाय."

"तिथंच तर अडलंय."

सुनेचा विरोध नाकासाठी. ती पन्नास वर्षांपूर्वीचीच वाळू आहे, नव्या पोत्यात भरलेली. मुलगा आईकडेही नाही आणि मुलीकडेही नाही. घराघरांत असतो तसा. नात आजोबांवर विसंबून बसली, आणि आजोबा बोलेनात. एवढा सारा जन्म ज्या विद्येला गिऱ्हाईक मिळाले नाही, ते घरात आपल्या पायांनी चालत आले, तर यांच्या डोळ्यांपुढे जुन्नरच्या वाडीवरचा जोडीदार उभा. सून 'नाही' म्हणते ती न जाणता. हे 'हो' म्हणणार ते जाणून. दोन्हींत अवघड काय, तुम्हीच ठरवा.

त्यांनी एक मधला मार्ग काढला आहे. रोज संध्याकाळी अंगणात ते नातीला पाय शिकवतात. पुढे, मागे, डावीकडे सरक, टाच उचल, आलेला ठोसा चुकव. सहा महिने झाले. सुनेला वाटते, शाळेच्या स्नेहसंमेलनाचा नाच बसतो आहे. "पाय शिकवले. हात न्हाई शिकवले अजून. पाय येत असले की मार कमी बसतो. हात आले की मार द्यायला जातं मानूस, आन् घेऊन येतं."

"ती विचारत नाही, हात कधी म्हणून?"

"रोज इचारती."

जुन्नरची गाडी लागली. गाडीत त्यांना खिडकी मिळाली, मला मागे उभे राहावे लागले, आणि बोलणे तिथेच तुटले. उतरताना त्यांनी एवढेच विचारले, की आताच्या खेळात डोके सांभाळायला काय काय नियम आहेत ते पुण्यात कोणाला ठाऊक असेल तर कळवाल का. पत्ता त्यांनी शून्य रुपयांच्या तिकिटाच्या पाठीवर लिहून दिला. अक्षर फौजी, सरळ रांगेत उभे असलेले.

पुण्यात मी चौकशी केली. एका परिचित डॉक्टरांनी समजावून दिले ते आंतरदेशीय पत्रावर बारीक अक्षरांत बसवले. लढतीआधी दर वेळी वैद्यकीय तपासणी होते. रिंगणाशेजारी डॉक्टर असतो आणि त्याला लढत थांबवता येते. डोक्यावरच्या ठोशाने खेळाडू पडला तर निदान तीस दिवस त्याने रिंगणात उतरायचे नाही. तीन महिन्यांत दुसऱ्यांदा पडला तर नव्वद दिवस. वर्षात तिसऱ्यांदा तसे झाले तर सबंध वर्ष. ही पद्धत हौशी मुष्टियुद्धात फार वर्षांची आहे. पुरुषांचे हेडगार्ड २०१६ च्या ऑलिंपिकपासून निघाले, मुलींचे आहेत. हेडगार्डाने भुवई फुटत नाही हे नक्की. आत मेंदूला बसणारा हिसका त्याने थांबतो का, यावर डॉक्टरांचे एकमत नाही. हे शेवटचे वाक्य लिहावे की नाही, यावर मी रात्रभर विचार केला आणि लिहिले. ज्याने डोळे उघडे ठेवून ठोसे खाल्ले, त्याच्यापासून काय लपवायचे?

बारा दिवसांनी उत्तर आले ते नातीच्या हातचे, वहीच्या दुरेघी कागदावर. आजोबा बरे आहेत. पत्र त्यांनी दोनदा वाचून घेतले, एकदा तिच्याकडून आणि एकदा तिच्या आईकडून. आईचे आणि आजोबांचे रात्री उशिरापर्यंत बोलणे झाले, पण काय झाले ते तिला कोणी सांगितले नाही. चहापत्तीचा कप घासून फळीवर ठेवला आहे आणि चहापत्ती बरणीत गेली आहे. खाली आजोबांनी सांगितलेला मजकूर होता : पुण्यात मुलींचे हेडगार्ड कुठल्या दुकानात चांगले मिळते, लक्ष्मी रस्त्याला की कॅम्पात, किंमत काय पडते ते कळवावे. डोक्याचा घेर साडेएकवीस इंच. आजोबांनी शिंप्याची टेप आणून दोनदा मोजला आहे.